कौटुंबिक पोर्ट्रेट: ‘हे काम कशासाठी?’ याचं उत्तर फोटोत कसं उतरवायचं?

कवडसा

कौटुंबिक पोर्ट्रेट हेच मुख्य काम करायचं म्हटलं की ‘हेच का?’ हा प्रश्न येतोच. ‘आठवणी जपायला आवडतात’, ‘माणसांत रमतो’ ही उत्तरं खोटी नसतात, पण त्यांच्यावरून लेन्स ठरत नाही, उजेड ठरत नाही, कुणाला कुठे बसवायचं हेही ठरत नाही. हेतू खरा असेल तर तो निर्णयांत दिसला पाहिजे, असं मला वाटतं.

म्हणून दोन प्रश्न. हेतू इतका नेमका कसा करायचा की त्याचा सेटिंगवर आणि मांडणीवर परिणाम होईल? आणि आठ-नऊ जणांचा फोटो शार्प, एक्स्पोजर (फोटोत आलेला उजेड) बरोबर, सगळे हसताहेत, तरीही ओळखपत्राचे फोटो एका ओळीत चिकटवल्यासारखा दिसतो. तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं?

साहित्य: फुल फ्रेम बॉडी (३६×२४ मिमी सेन्सरचा कॅमेरा), ३५, ५० आणि ८५ मिमी लेन्स, एक फ्लॅश, एक मोठा पांढरा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक). फोटो कुटुंबाच्या राहत्या घरात.

जुनी_निगेटिव्ह

‘मला काय आवडतं’ हे बाजूला ठेवा आणि विचारा: हा फोटो कोण पाहणार, आणि कधी? माझं ठाम मत आहे की कौटुंबिक पोर्ट्रेटचा खरा ग्राहक त्या खोलीतलं सगळ्यात लहान मूल असतं, आणि ते फोटो नीट बघणार तीस वर्षांनी. तेव्हा त्याला काय हवं असेल? आजीचे हात. आजोबा कोणत्या खुर्चीत बसायचे ती खुर्ची. आपण आईच्या कमरेइतके होतो की खांद्याइतके. खिडकीबाहेर काय दिसायचं.

हे एकदा मान्य केलं की पहिला बळी जातो तो पूर्ण धूसर पार्श्वभूमीचा. गणितही तेच सांगतं. ८५ मिमी, एफ/१.८ (‘एफ’ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि ३ मीटर अंतर धरलं तर फोकसमध्ये येणारी एकूण खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारं अंतर, साधारण १३-१४ सेंमी. एका माणसाचं नाक ते कान एवढंच. मांडीवरचं बाळ वीतभर पुढे असतं, म्हणजे आई शार्प तर बाळ मऊ. तेच ५० मिमी, एफ/५.६ आणि ४ मीटरवर घ्या: सुमारे ३.१५ मीटरपासून ५.४५ मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. दोन रांगा आरामात बसतात, मागची भिंतही ओळखू येते. फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यावर धरा, कारण फोकसच्या अलीकडची खोली पलीकडच्यापेक्षा कमी असते.

चौकटीची रुंदी आधीच मोजून ठेवा. ५० मिमी आडव्या फ्रेममध्ये ४ मीटरवर सुमारे २.९ मीटर रुंदी मावते, ३५ मिमीत ३ मीटरवर सुमारे ३.१ मीटर. दोन रांगांत आठ-नऊ जण यात बसतात. खोली लहान असेल तर ३५ वापरा, पण दोन्ही कडांना जागा सोडा. कडेचे चेहरे आडवे ताणले जातात. तिथे स्थूल माणसाला किंवा अगदी लहान मुलाला उभं करू नका. लेन्सच्या दोषाची शिक्षा त्यांना का?

आणखी एक गोष्ट, जी मला या कामाच्या मुळाशी वाटते. १८३९ साली डॅगेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत जगासमोर आली. त्यानंतर कित्येक वर्षं एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदांत मोजावा लागायचा आणि तान्हं मूल तेवढा वेळ स्थिर राहत नसे. मग आई त्याला धरून बसायची आणि तिच्या अंगावर कापड टाकून तिला खुर्ची किंवा पडदा बनवलं जायचं. एकोणिसाव्या शतकातले असे कितीतरी फोटो आजही आहेत: मूल स्पष्ट, आई कापडाखाली. आज कापड नाही, पण घरातले फोटो नेहमी काढणारी व्यक्ती तशीच गायब असते. त्यामुळे कामाआधी एक प्रश्न न चुकता विचारा: ‘घरात एरवी फोटो कोण काढतं?’ त्या व्यक्तीचा प्रत्येक मुलाबरोबर वेगवेगळा फोटो यादीत सगळ्यात वर लिहा. ग्रुपमध्ये आली म्हणून भागत नाही.

स्टूल_आणि_खिडकी

वरचं पटलं. ‘ओळखपत्र’ का होतं, त्याबद्दल लिहितो. कारणं साधारण तीन: डोकी एका रेषेत, माणसांत फटी, आणि ‘हसा’ ही आज्ञा.

कॅमेऱ्यासमोर आली की घरची माणसंही एकमेकांपासून वीत-दीड वीत दूर उभी राहतात, आणि फोटोत ती फट जास्तच डोळ्यांत भरते. ‘जवळ या’ म्हटलं की फक्त मान कलते, पाय जागेवरच राहतात. त्याऐवजी हातांना काम द्या: ‘बाबांची कॉलर नीट कर’, ‘ताईच्या खांद्यावर हात टाक’. हात पोचला की शरीर आपोआप सरकतं. शेजारच्या दोन डोक्यांत निदान अर्ध्या डोक्याचा फरक हवा. त्यासाठी ४०-४५ सेंमीचं एक स्टूल, एक साधी खुर्ची आणि जमीन एवढं पुरतं. मऊ सोफा टाळा. माणूस आत रुततो, गुडघे लेन्सच्या दिशेने वर येतात आणि धडापेक्षा मोठे दिसतात. सोफ्यावरच बसायचं असेल तर पुढच्या कडेवर बसवा आणि कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा.

उजेड: खिडकी मिळाली की खोलीतले सगळे दिवे बंद. पिवळसर बल्ब २७००-३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), दिवसाचा उजेड साधारण ५५०० किंवा त्याहून जास्त. दोन्ही एकाच गालावर पडले तर नंतर कोणताही व्हाइट बॅलन्स (रंगछटा सुधारायची सेटिंग) ते सोडवत नाही. रांग खिडकीकडून खोलीच्या आत जाणारी ठेवू नका. १ मीटरवरचा माणूस आणि ३ मीटरवरचा यांच्यात दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा, फरक सहज पडतो. सगळ्यांचं खिडकीपासूनचं अंतर जवळपास सारखं राहील असा ग्रुप फिरवा, खिडकीपासून दीड-दोन मीटर मागे घ्या आणि अंधाऱ्या बाजूला रिफ्लेक्टर उभा करा. उजेड कमी पडला तर फ्लॅश आपल्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारा. भिंत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर येतो, तिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवणं बरं. मुलं असतील तर शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. ढगाळ दिवशी एफ/५.६ ला आयएसओ ३२०० किंवा ६४०० लागेल, लागू दे. त्याने येणारे दाणे खपतात, हललेला चेहरा खपत नाही.

नाइलाजाने एलईडी दिव्यांत काढावं लागलं तर आडवे पट्टे येण्याचा धोका असतो. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२० ठेवून पाहा. अशा वेळी मुलांना बसवूनच काढा.

हसण्याबद्दल. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ सालीच दाखवून दिलं होतं की मनापासूनच्या हसण्यात ओठांच्या स्नायूंबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, आणि तो सहसा हुकमी आवळता येत नाही. ‘हसा’ म्हटलं की ओठ हसतात, डोळे वाट पाहतात. त्यापेक्षा एक प्रश्न टाका: ‘घरात सगळ्यात उशिरा कोण उठतं? बोट दाखवा!’ बोटं दाखवताना नका काढू, तिथे हात चेहऱ्यांवर येतात. त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत सगळे एकमेकांकडे बघून सैल होतात, त्या क्षणी पाच-सहा फ्रेम सलग.

मिटलेले डोळे हा नशिबाचा भाग नाही, त्याचा हिशेब झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी तो मांडला आणि त्यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल (विनोदी वाटणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ ने भागा, वाईट असताना २ ने. तितक्या फ्रेम काढल्या की एक तरी सर्वांचे डोळे उघडे असलेली मिळण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे नऊ जणांना ३ किंवा ५. पण हे फक्त डोळ्यांचं झालं. हावभाव आणि मुलांच्या माना धरून प्रत्येक मांडणीच्या १५ तरी काढा.

क्रम: पूर्ण कुटुंब पहिल्या दहा मिनिटांत. पाच वर्षांखालची मुलं वीस-तीस मिनिटांत कंटाळतात आणि नंतर परत येत नाहीत. मग आजी-आजोबा आणि नातवंडं, मग भावंडं, मग आई-वडील दोघंच. लहान मुलांना लागत नाहीत असे फोटो सगळ्यात शेवटी.

कवडसा

दोघांचेही आभार. ‘फोटो कोण काढतं’ हा प्रश्न आजपासून यादीत. दोन गोष्टी अजून अडतात. घरचे सगळे माझ्या मागे उभे राहून मुलाला ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणतात आणि मूल भलतीकडेच बघतं. दुसरं, आजी किंवा आजोबा ‘माझा एकट्याचा नको’ म्हणून उठून जातात. आणि रीटचिंग कुठे थांबवायचं?

मऊ_पेन्सिल

मी ‘जुनी_निगेटिव्ह’ यांच्याशी थोडा असहमत आहे. तीस वर्षांनंतरच्या डोळ्यांसाठी काम करायचं हे खरं, पण त्याच नादात समोरची माणसं भविष्यासाठीचा ऐवज होऊन बसतात. आजोबा उठून जातात ते अनेकदा त्याचमुळे: एकट्याचा फोटो कशासाठी काढला जातोय, हे त्यांना कुणी न सांगता कळतं. म्हणून ‘आता आजोबांचा एकट्याचा’ असं जाहीर करायचंच नाही. नातवंडांबरोबरचा फोटो झाला की मुलांना पाणी प्यायला पाठवा, आजोबांना तिथेच बसू द्या, त्यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल बोला. कॅमेरा तिपाईवर, चौकट आधीच लावलेली, हातात रिमोट. ८५ मिमी इथे वापरा, एफ/४, सुमारे दोन मीटर. आधी सांगा की बोलता बोलता एक-दोन काढतो. नको म्हणाले तर थांबा. न विचारता काढलेला फोटो त्या घरात कायम खुपत राहतो.

खुर्ची हातांची आणि टणक हवी, म्हणजे उठताना आधार मिळतो. हात थरथरत असतील तर ते एकमेकांवर किंवा नातवाच्या हातावर ठेवू द्या, लपवू नका. चष्मा काढायला लावू नका, चष्म्याशिवाय तो चेहरा घरच्यांना अनोळखी दिसतो. काचेवर चमक येत असेल तर काड्या कानांवरून किंचित वर उचला, म्हणजे काचा खाली झुकतात, किंवा हनुवटी जराशी खाली घ्या. एवढ्याने नाही गेली तर उजेडाची दिशा बदला.

मुलाच्या बाबतीत नियम एकच: लेन्सच्या मागून बोलणारा आवाज एकच असावा. बाकीच्यांना सांगा, ‘तुम्ही मुलाकडे नाही, लेन्सकडेच बघत राहा, मूल माझ्यावर सोडा.’ नाहीतर ज्या एका फ्रेममध्ये मूल सुंदर बघतं, तिच्यात मोठे सगळे खाली बघत असतात. मुलाने लेन्सकडे बघितलंच पाहिजे असंही नाही. ते आईच्या कानातल्याशी खेळत असेल तर तोच फोटो घ्या.

रीटचिंग: जे पंधरा दिवसांत जाणार होतं ते काढा, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, डास चावल्याचा डाग. जे राहणार आहे ते ठेवा: तीळ, व्रण, सुरकुत्या. कुणी स्वतःच्या चेहऱ्याबद्दल स्वतः सांगितलं तरच हात लावा. सुनेने सासूबाईंच्या सुरकुत्यांबद्दल सांगितलं तर नाही. एका फ्रेममधलं डोकं दुसरीत बसवणं मला डोळे मिटले असतील तेवढ्यापुरतं चालतं. गैरहजर माणूस आणून बसवणं नाही.

आणि हेतू शेवटी कागदावर उतरतो, त्यामुळे प्रिंटशिवाय काम संपलं असं समजू नका. ८×१० इंचाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४००×३००० पिक्सेल लागतात, म्हणजे ७.२ मेगापिक्सेल. भिंतीवरच्या १६×२४ इंचाला १८०-२०० पीपीआय पुरते, कारण तो दोन मीटरवरून बघतात. पिगमेंट (रंगकणांची) शाई, आम्लरहित कागद आणि तसाच माउंटचा पुठ्ठा. काच थेट प्रिंटला टेकू देऊ नका. दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना वरचा थर निघतो. चिकट पानांचे अल्बम टाळा, तो गोंद वर्षांनुवर्षं फोटोत उतरत राहतो. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

जमलं तर कुटुंबाला दरवर्षी तोच फोटो काढायला सुचवा. अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचं वर्षाला एक पोर्ट्रेट केलं, ८×१० इंची फिल्मच्या कॅमेऱ्यावर, डावीकडून उजवीकडे चौघींचा क्रम कायम ठेवून. क्रम बदलत नाही म्हणून तर नजर थेट चेहऱ्यांतल्या बदलावर जाते. आपणही खुर्ची, क्रम, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची सेंमीमध्ये लिहून ठेवली तर पुढच्या वर्षी तेच उभं करता येतं.

जुनी_निगेटिव्ह

असहमती मान्य, रिमोटची युक्तीही. एकच भर: नावं. प्रिंटच्या मागे तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं पूर्ण नाव, ‘आई’, ‘काका’ असं नातं नव्हे. पुढच्या पिढीत काका बदलतात. फायबर कागदावर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) मऊ पेन्सिल, फोटो उपडा करून कडक सपाट पृष्ठभागावर, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल नीट उठत नाही. तिथे लवकर वाळणाऱ्या शाईचं फोटोवर लिहायचं पेन घ्या, कडेच्या पट्टीत लिहा आणि पूर्ण वाळेपर्यंत वर दुसरी प्रिंट ठेवू नका. हीच नावं फाइलच्या आयपीटीसी माहितीतही (फोटोच्या फाइलमध्येच साठणारी मजकुराची नोंद) भरा, म्हणजे फाइल आणि कागद वेगळे झाले तरी नावं दोन्हीकडे राहतात.