कबड्डीत डोक्याला मार, सीटी स्कॅन नॉर्मल. मॅटवर परत कधी?

पकड_कोच: किशोर गटातला १५ वर्षांचा चढाईपटू. पकडीत डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. शुद्ध हरपली नाही, पण स्कोअर किती आणि कितवा हाफ, हे काही वेळ सांगता येईना. सीटी नॉर्मल. आज चौथा दिवस. वाचायला बसला की डोकं दुखतं, गोंगाट सहन होत नाही. घरचे अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवतायत, संघातली पोरं म्हणतात रिपोर्ट चांगला आहे तर उतरवा. कोणाचं ऐकायचं?

मेंदूमित्र: दोघांचंही नाही. सीटीत रक्तस्राव आणि हाडाचं फ्रॅक्चर दिसतं. कन्कशन म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूच्या पेशींच्या कामकाजात झालेला बिघाड, तो त्यात दिसत नाही. डोकं झटक्यात वळलं की मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा तोल सावरायला जास्त ग्लुकोज लागतं, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. वाचताना डोकं दुखतं ते बहुधा यामुळेच. शुद्ध न हरपताही कन्कशन होतं, किंबहुना बहुतेक वेळा असंच होतं.

अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवणं आता बंद करा. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हलकी हालचाल चालू, मोबाइल अगदी कमी. त्यानंतर रोज चालायला न्या. पूर्ण पडून राहिल्याने बरं व्हायला उलट वेळ लागतो. वाचन ५ ते १५ मिनिटांच्या तुकड्यांत, झेपेल तसं वाढवत. शाळा आधी, कबड्डी नंतर.

सिस्टर_कोल्हापूर: घरच्यांना हे लिहूनच द्या: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणं अडखळणं, मानेत तीव्र दुखणं, एकाला दोन दिसणं, उठवूनही नीट न उठणं. यातलं एकही दिसलं तर थेट इमर्जन्सी, सकाळची वाट पाहू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच. पहिल्या दिवसांत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. झोपू द्या हो त्याला! डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दर तासाला उठवायची गरज नाही.

पकड_कोच: आणि सराव?

क्रीडा_फिजिओ: खेळातल्या कन्कशनवरच्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेतल्या सहा पायऱ्या घ्या, प्रत्येकीला किमान २४ तास.

पहिली, रोजची साधी कामं. दुसरी, चालणं किंवा स्थिर सायकल: आधी हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ५५ टक्के, मग ७०. त्याचे कमाल ठोके ढोबळ मानाने २२० वजा १५, म्हणजे २०५. म्हणून आधी मिनिटाला ११३ पर्यंत, नंतर १४३ पर्यंत. तिसरी, एकट्याने धावणं आणि पायांची चपळाई, आसपास कोणी नको.

इथवर थोडी लक्षणं असली तरी चालतं. त्रासाला १० पैकी गुण द्यायला सांगा; त्यात २ पेक्षा जास्त वाढ झाली किंवा त्रास तासाभराहून टिकला, तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. चौथी, स्पर्शाशिवाय चढाईचा सराव. पाचवी, खऱ्या पकडी. सहावी, सामना. चौथीपासून पुढे जायला लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, धावून दमल्यावरसुद्धा. पकडींआधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. पेनकिलर खाऊन 'लक्षण नाही' म्हणणं धरायचं नाही.

मुलांना महिनाभर लागू शकतो. तेव्हा तालुका स्पर्धेची तारीख पाहून पायऱ्या मोजू नका. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते, आणि ती कोवळ्या वयातच जास्त दिसते. नुसती प्रतिक्रिया मंदावली तरी पकडीत पुन्हा डोकं लागण्याची शक्यता वाढतेच.

पकड_कोच: हेडगार्ड घालून उतरवलं तर?

क्रीडा_फिजिओ: नको. हेडगार्डने खोक टळेल, पण कवटीच्या आत मेंदू हलतो त्यावर त्याचा भरवशाचा उपाय नाही. त्यापेक्षा डोकं खाली घालून डॅश, म्हणजे धडक, मारायची सवय मोडा. आणि डोक्याला मार बसलेल्याला विचारायला बाकावर पाच प्रश्नांचा कागद ठेवा: मैदान कुठलं, कितवा हाफ, शेवटचा गुण कोणाचा, मागचा सामना कोणाशी, तो जिंकलो का. एक चुकला तरी त्या दिवशी बाहेर. पाचही बरोबर आले, पण चक्कर किंवा डोकेदुखी सांगितली, तरीही बाहेरच.