मदत हवी आहे: साक्षरतेच्या ग्राफची सरळ रेष १०० च्या वर निघालीय

नमस्कार मंडळी,

लेक अकरावीला आहे, प्रोजेक्टसाठी तिने जनगणनेतलं भारताचं साक्षरतेचं प्रमाण घेतलंय. १९५१ ला १८.३३ टक्के, मग दर दहा वर्षांनी २८.३०, ३४.४५, ४३.५७, ५२.२१, ६४.८३ आणि २०११ ला ७४.०४. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन (ठिपक्यांना सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेष) टाकली तर ठिपके अगदी रांगेत, आर स्क्वेअर (ठिपके रेषेला किती धरून आहेत त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९, मी म्हटलं झालं काम, चला जेवायला.

पण समीकरण आलंय वाय = ०.९२ एक्स − १७७९.९, आणि पोरगी विचारते बाबा, म्हणजे इसवी सन शून्यात उणे १७८० टक्के लोक साक्षर होते का? मी गप्प. वर समीकरणात २०११ घातलं की ७० येतं, ग्राफवर मात्र रेष ७३ च्या जवळ दिसते. आणि तीच रेष पुढे ओढली तर २०४० संपता संपता १०० पार. यातलं काय खरं धरायचं आणि निष्कर्षात काय लिहायचं? माझं गणित बारावीलाच सुटलंय, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

चिकटपट्टी:
७० वाला घोळ राउंडिंगचा आहे दादा. स्लोप, म्हणजे एक्सच्या आधीचा आकडा, खरा ०.९२१ च्या आसपास आहे, एक्सेलने दोनच दशांश दाखवले आणि तुम्ही त्याला दोन हजाराने गुणलंत, मग दोन-अडीच टक्के गळणारच. वर्ष १९५१ पासून मोजा, म्हणजे १९५१ ला शून्य, १९६१ ला दहा असं. मग समीकरण येईल वाय = ०.९२ एक्स + १७.५, आणि तो १७.५ म्हणजे रेषेच्या हिशोबाने १९५१ ची साक्षरता, खरी १८.३३ होती. उणे १७८० चं भूत आपोआप उतरतं. स्लोप मात्र तोच राहतो: वर्षाला साधारण ०.९२ टक्के अंकांची वाढ. अंकांची हं, म्हणजे १८ चे १८.९२; ०.९२ टक्क्यांनी वाढ असं लिहू नका, त्याचा अर्थ १८ च्या ०.९२ टक्के इतकीच वाढ असा होतो.

फळाखडू:
वरचं बरोबर. भर घालतो, कारण वर्गात दरवर्षी हेच होतं, आर स्क्वेअर ०.९९ दिसला की पोरं पेन खाली ठेवतात. ही रेष मागे ओढलीत तर १९३२ ला साक्षरता शून्य येते, त्याच वर्षी येरवड्यात पुणे करारावर सह्या झाल्या, त्या काय अंगठे होते? रेष १९५१ ते २०११ पुरतीच बोलते, त्याबाहेर तिला विचारू नये. वरच्या बाजूला तर १०० चं छतच आहे. केरळ बघा, १९९१ ला ८९.८१, २००१ ला ९०.८६, छताजवळ गेलं की चाल मंदावते.

अजून एक, ठिपके रेषेच्या वर आहेत की खाली ते मुलीला तपासायला सांगा. पहिले दोन वर, १९७१, ८१, ९१ खाली, शेवटचे दोन पुन्हा वर. असे गट पडले म्हणजे ठिपक्यांच्या रांगेला किंचित बाक आहे, ती पूर्ण सरळ नाही. शिवाय १९७१ पर्यंतचे आकडे ५ वर्षांवरच्या लोकांचे आणि १९८१ पासूनचे ७ वर्षांवरच्यांचे, लहान पोरं वगळली की टक्का वर जातोच. १९८१ ला आसाममध्ये आणि १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती, तेही ग्राफखाली बारीक अक्षरात लिहा. आणि ७४.०४ हा प्राथमिक आकडा आहे, अंतिम ७३ च्या आसपास आला.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, १९५१ पासून मोजून बघितलं, २०११ ला ७२.७ आलं. आता लेकीने पुरुष आणि स्त्रिया अशा दोन रेषा काढल्यात आणि नवीनच भानगड झालीय. दोन्ही स्लोप जवळपास सारखे, त्यामुळे तिने लिहिलं की अंतर तेवढंच राहिलं. पण ठिपके पाहिले तर १९५१ ला अंतर १८ चं, १९८१ ला २६ च्या वर (५६.३८ आणि २९.७६), आणि २०११ ला परत १७ च्या खाली. हे त्या दोन रेषांत कुठेच दिसत नाहीये, मग अंतराचा वेगळा ग्राफ काढू का?

फळाखडू:
काढाच. आणि त्यावर ट्रेंडलाइन टाकू नका, अंतर आधी वाढून मग घटलंय, सरळ रेषेत ते परत लपेल.