आईच्या तोंडातली जखम, टाटाला जाण्याआधी मदत हवी आहे

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची, गाव साताऱ्याजवळ. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. गालाच्या आत दीड महिन्यापासून जखम आहे, बाजूला पांढरा चट्टा. दुखत नाही म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. आता तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा कळलं. गावात तोंड आल्याच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायलाच हवा, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बायोप्सी सोमवारी आहे.

कॅन्सरची गाठ निघालीच तर परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचा विचार आहे. तिथे पहिल्या दिवशी कोणते कागद लागतात? महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) दोन्ही बसतात का? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा कशी मिळते?

आणखी एक. बायोप्सीने गाठ पसरते असं शेजारच्या काकू आईला सांगून गेल्या. डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं. पण आई घाबरून बसलीय. तुमच्या घरी कुणी यातून गेलं असेल तर तिच्याशी फोनवर दोन शब्द बोलाल का?