टपाला पाईप मारायचा का? (जुनी बोलेरो, दोन १२ इंची वूफर)

तूरडाळ_लातूर
मागं दोन १२ इंची वूफर, हजार वॅटचा ॲम्प. बास सुरू झाला की टप असा हलायलाय की आतल्या आरशात मागची गाडी दिसत नाही, नुसता धूर दिसतो. डेंटर म्हणतो, आतलं अस्तर काढू, चौकोनी पाईपचे तीन आडवे तुकडे वेल्डिंग करू, विषय संपला. मोठा भाऊ म्हणतो, "गाडीत मंडप घालायलास का?" माझं मत, घालावाच. एवढे पैसे वूफरवर गेले अन् आवाज पत्राच खायलाय. ज्याला पटत नाही त्यानं कारण द्यावं. "उगं काही करू नको" हे कारण नाही.

शीटवाला
पाईप-बिईप काही नको. डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी जड चिकट पट्टी) चिकटव, दोन थर. माझ्या गाडीचा टप आता टणटण करत नाही.

अंबाजोगाईचा_मास्तर
टणटण थांबणं वेगळं अन् वाकणं थांबणं वेगळं. पत्र्यावर टिचकी मारली की जो आवाज घुमत राहतो तो शीट मारते. पण ३५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांचा, बास पत्र्याला टिचकी मारत नाही, आतून ढकलतो आणि ओढतो. तिथं शीट म्हणजे घोंगडीनं भिंत धरून ठेवण्यासारखं.

आकडे बघा. आत १४० डेसिबल झाले तर हवेचा दाब २०० पास्कल. टप दीड चौरस मीटर धरला तर ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलोचं पोतं सेकंदाला ३५ वेळा खालून ढकलायलंय. १५० डेसिबलला तेच पोतं ९५ किलोचं होतं.

आता दुसरा हिशेब, हा जास्त मजेचा. १२ इंची वूफरचा पडदा साधारण ४८० चौरस सेंटिमीटर. तो १२ मिलिमीटर पुढं आला तर अर्धा लिटरच्या थोडी वर हवा सरकवतो. दोन्ही मिळून सव्वा लिटरच्या आत. टप सरासरी अर्धा मिलिमीटर फुगला तरी पाऊण लिटर जागा होते. म्हणजे वूफरनं ढकललेल्या हवेतला मोठा वाटा टपानंच गिळला. हिशेब ढोबळ आहे, पण तूरडाळचं "पत्रा खायलाय" बरोबर आहे.

रात्रपाळी
मास्तर, हिशेब छान. पण १४० डेसिबल कशाला पाहिजे हे कोणीच विचारंना. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला १५ मिनिटंच. बासला कान जरा कमी दुखतो हे मान्य, पण गाण्यात नुसता बास असतो का? अन् निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांत. मी सकाळी ७ ला घरी येतो, अंग टाकतो अन् चौकातून एक गाडी जाते. खिडकीच्या काचेला आधी कळतं, मग मला. टप मजबूत झाला की गाडीवाला खुश, खिडकीचं काय?

तूरडाळ_लातूर
रात्रपाळी भाऊ, मी गल्लीत वाजवत नाही. रिंग रोडला वाजवतो. कान माझे.

रात्रपाळी
रिंग रोडच्या कडेला पण माणसंच राहतात राव.

पत्रेवाला_जालना
वीस वर्षं पत्रा ठोकतोय, म्हणून जरा लांब लिहितो. आवाज पाहिजे का नको, ते तुम्ही दोघं बघा. मी वेल्डिंगच्या विरोधात आहे.

टपाचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आतून टाका मारला की वरचा रंग करपतो, पत्रा ओढला जातो आणि लाटा येतात. उन्हात तिरपं बघितलं की तीन पट्टे दिसणारच. जळाल्या जागी आतून गंज धरतो, दोन पावसाळ्यांत फोड येतात. वर अस्तर, वायरी, जवळ पेट्रोल नाहीतर डिझेल. बॅटरीची वायर न काढता मारलं तर आणखी वेगळी कहाणी.

कंपनी स्वतः काय करते? टपाखाली आडव्या पट्ट्या असतात. त्या कडेला पक्क्या, पण मधे पत्र्याला वेल्ड नसतात, मऊ चिकट मसाल्याचे ठिपके असतात. तेच करा. पाईप दोन्ही टोकांना मूळ पट्टीला बोल्टनं धरा, पत्र्याशी फक्त पॅनल चिकटवायचा मसाला. २५ बाय २५, २ मिमीचा पाईप मीटरला दीड किलोच्या आत. तीन घातले तरी पाच किलो. जालन्यात सळयांचे कारखाने आहेत म्हणून कोणी टपात सळई घालू नका, गोल सळई वजनाच्या मानानं फार वाकते.

आणि शीटवाल्या, वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी स्वस्त म्हणून लावली असशील तर मे महिन्यात ४२ अंशांत डोक्यावर काळे थेंब. माझ्याकडं अशा दोन गाड्या आल्या होत्या, सीट धुऊन धुऊन मी थकलो. ब्युटाइल रबराचीच घे.

शीटवाला
ब्युटाइलचीच आहे मामा. उगं गरिबाला कामून धरता.

बीडचा_पाव्हणा
कोणीच डोक्याचं बोलंना. गाडी उलटली तर टोकदार चौकोनी पाईप डोक्यापासून चार बोटांवर. नव्या गाड्यांत तर कडेला पडद्याची एअरबॅग असते, तिच्या वाटेत पाईप आला तर ती उघडणार कशी? जुन्या बोलेरोत ती अडचण नाही, पण हा धागा वाचून उद्या दुसरा कोणी नव्या गाडीला मारंल.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदलाबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेर भाग बसवले तर मालकाला दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आत आहे, कोण बघतंय?" असं म्हणू नका. अपघातानंतर विमावाला अस्तर काढून बघू शकतो. माझ्या मते आधी आरटीओत विचारा.

अंबाजोगाईचा_मास्तर
पाव्हण्याचा मुद्दा बरोबर, म्हणून कमीत कमी पाईप. मधलं अंतर निम्मं केलं तर तेवढ्याच दाबाला पट्टीचा बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. एक पाईप बरोबर जागी बसला तर तीन लागत नाहीत. जागा शोधायला टपावर दाणे टाका. ३५ हर्ट्झला पत्रा पाव मिलिमीटर हलला तरी दाणा उडतो. जिथं उडतो ती जागा, जिथं गुमान पडून राहतो ती नको.

तूरडाळ_लातूर
केलं. टपावर मूठभर तूर टाकली, फोनवरून ३५ हर्ट्झचा सूर लावला, धाकटा वर शिडीवर. पुढचे दाणे ढिम्म. मधल्या पट्टीच्या मागं, मागच्या दारापर्यंत मात्र फुटाण्यासारखे उडायले. एकच जागा निघाली. डेंटरला वेल्डिंग नाही म्हणून सांगितलं, तो रुसलाय. आरटीओत सोमवारी जातो.

रात्रपाळी
किती वाजता केली चाचणी?

तूरडाळ_लातूर
दुपारी चारला. आई खाली उभी होती. "सांडलेली तूर निवडून डब्यात टाक" एवढंच म्हणली.