‘स्वसहिष्णुतेवर मात करणारी लस’ : हे मराठी बरोबर आहे का?

खेड : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी उंदरांवरच्या एका लशीबद्दल लिहितेय. शरीर स्वतःच्याच प्रथिनांवर उठत नाही, ती स्वसहिष्णुता; म्हणून ‘स्वसहिष्णुतेवर मात करणारी विषाणुसदृश कणांची लस’ असं लिहिलं, तर मुख्याध्यापक म्हणतात, सहिष्णुतेवर मात कशाला करायची? दुसरे शब्द सुचवा.

मालवण : ‘विषाणुसदृश कण’ चुकीचं नाही, पण पोरं पुढे वाचायची नाहीत. त्यांना फणस सांगा. काटेरी साल शाबूत, आत गरे नाहीत की आठळ्या नाहीत. मग रुजणार काय? इथे विषाणूचं प्रथिनांचं कवच आहे, आत जनुकीय द्रव्य नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस अशाच कणांची. ‘पोकळ विषाणू’ लिहा.

दापोली : पोकळ म्हटलं की निकामी वाटतं. ‘रिकामं कवच’ बरं.

खरी अडचण ‘सहिष्णुता’. शरीर स्वतःच्या प्रथिनांवर उठत नाही, म्हणजे तशा बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) नसतातच असं नाही. काही असतात, पण गप्प बसवलेल्या. १९९९ साली अमेरिकेत चॅकेरियन, लोवी आणि शिलर यांनी उंदराच्याच सीसीआर५ प्रथिनाचा तुकडा गाईच्या पॅपिलोमा विषाणूच्या कवचात बसवला आणि ते कण उंदरांना टोचले. उंदरांनी चक्क स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली! करामत मांडणीची : तोच तुकडा ठरावीक अंतरावर, दाटीने, पुन्हापुन्हा. शिवाय कवच परकं, म्हणून बी पेशींना चेतवणाऱ्या टी पेशींची मदत मिळते. तेव्हा ‘मात’ नको, ‘मोडणे’ नको; ‘गप्प पेशींना जागं करणारी’ म्हणा.

गुहागर : पण रोगजंतूच नाही तर ती लस कसली? आमच्याकडे फोड फुटला की लस येते. देवी टोचायचे तीही वासराच्या फोडातली लसच.

दापोली : अहो, टोचलं आणि शरीराने प्रतिपिंडं केली, काम तेच ना? २००१ मध्ये याच तिघांनी टीएनएफ-अल्फा या उंदराच्या स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध असेच कण वापरले, तर प्रयोगातला सांधेदाह आटोक्यात राहिला. याला लस नाही तर काय म्हणणार?

खेड : पटलं. आणि ‘टायटर’?

दापोली : उंदराच्या रक्तातलं सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घालतात. प्रतिपिंडं असली की रंग उमटतो; किती पट पातळ करेपर्यंत तो उमटतो, तो आकडा म्हणजे टायटर. शब्द तसाच ठेवा, खाली हे एक वाक्य लिहा.

मालवण : आणि ‘लसीची’ नको हं, तुम्ही वर लिहिलंय तसं ‘लशी’च ठेवा.