यूएसबी प्रिंटर जोडलेला दिसतो पण कागद हलत नाही (लिनक्स मिंट २२, लेझरजेट १०२०)

ग्रंथपाल_ताई

नमस्कार मंडळी. आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, ड वर्ग, कराडपासून आत एका गावात. कॉम्प्युटर एक आणि प्रिंटर एक. कॉम्प्युटर एका सभासदाने दिलेला जुना, त्यावर विंडोज फारच रखडायला लागलं म्हणून तीनेक वर्षांपूर्वी भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तेव्हापासून खरंच काही त्रास नव्हता. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, यूएसबी वायरने जोडलेला. सभासदांच्या पावत्या, वार्षिक अहवाल, दहावीच्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं यावरच निघतं.

दिवाळीत भाचा आला तेव्हा त्याने २१.३ वरून २२ ला अपग्रेड केलं आणि परत गेला. बाकी सगळं छान चालू आहे, पण तेव्हापासून प्रिंट दिली की प्रिंटर हूं की चूं करत नाही. हिरवा दिवा लागलेला असतो. यादीत प्रिंटरवर बारीक चिन्ह येतं आणि लिहिलेलं येतं 'फिल्टर फेल्ड', मग तो थांबलेलाच राहतो. मी एक जुना व्हिडिओ बघून फू-टू-झेडजेएस नावाचं काहीतरी टाकलं, त्याने यादीत त्याच प्रिंटरचं दुसरं नाव आलं, त्यावर प्रिंट दिली तर म्हणतो 'कम्प्लीटेड', पण कागद काही बाहेर येत नाही. वायर बदलली, दुसऱ्या यूएसबीत लावून बघितलं. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याच्या लॅपटॉपला विंडोजवर लावला तर पहिल्या फटक्यात छापला, म्हणजे प्रिंटर ठणठणीत आहे. अहवाल पाठवायचाय, दोन दिवस झाले बाजारात जाऊन पेन ड्राइव्हवरून प्रिंट काढून आणतेय. मला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) फारसं येत नाही पण सांगितलंत तर नीट करीन.

सांगली_रिपेअर

ताई आधी वायरीचा विषय संपवून टाकू. टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी टाइप करून एंटर मारा (अक्षरं इंग्रजीत, सगळी लहान लिपीतली, मधे जागा सोडायची नाही). जी यादी येईल त्यात एचपीची ओळ आहे का बघा. मग सुडो डीमेसेज (डी एम ई एस जी, सिस्टिमच्या नोंदी दाखवतं) असं करून शेवटच्या पंधरा-वीस ओळी बघा, त्यात उणे ७१ किंवा उणे ११० असा एरर दिसला तर वायर किंवा पोर्ट खराब, ड्रायव्हरच्या मागे लागायचं कारणच नाही. आणि प्रिंटर हबमधून जोडला असेल तर हब काढून थेट मागच्या पोर्टला लावा, पुढचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमधे बरेचदा सैल असतात, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

ग्रंथपाल_ताई

धन्यवाद दादा. हब नाहीये, मागेच लावलाय. एलएसयूएसबीत ओळ आली, ०३एफ०:२बी१७ आणि पुढे एचपी लेझरजेट १०२०. डीमेसेजमधे उणे ७१ वगैरे कुठेच नाही, 'यूएसबीएलपी०' आणि 'बायडायरेक्शनल प्रिंटर' अशी ओळ आहे.

नवा_पैसा

ताई इतका जुना प्रिंटर कशाला सांभाळताय, नवीन इंक टँकवाला घ्या, लिनक्सवर लावला की चालतो, ड्रायव्हर पण लागत नाही. माझ्याकडे तसाच आहे.

टर्मिनल_काका

बरेच नवीन प्रिंटर लावले की चालतात हे बरोबर आहे, पण ड वर्ग वाचनालयाला किती अनुदान मिळतं ते ज्यांना माहीत आहे ते हा सल्ला देणार नाहीत. आणि १०२० मधे काही बिघडलेलंच नाही. २००५ च्या सुमाराचं मशीन, त्याला १२ए टोनर लागतो, तो तालुक्याच्या गावातसुद्धा कुठेही रिफिल करून मिळतो, म्हणूनच ही मशीनं अजून प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात चालू दिसतात. ताई तुम्ही तो टाकू नका.

आता मुद्दा. या प्रिंटरची एक खासियत आहे, ती कळली की सगळा गुंता सुटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच प्रिंटरच्या पोटात त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, कायमचं साठवलेलं असतं. १०२० मधे तसं नाही. खर्च कमी ठेवायला त्यात ते साठवायची सोयच ठेवली नाही, फर्मवेअर तात्पुरत्या मेमरीत राहतं आणि बटण बंद केलं की पुसलं जातं. म्हणजे प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने त्याला ते पुन्हा भरवायला लागतं. विंडोजमधे ड्रायव्हर हे गुपचूप करतो म्हणून आपल्याला कधी कळत नाही. फर्मवेअर भरवलेलं नसलं तरी हिरवा दिवा लागतो, यूएसबीवर नाव दिसतं, कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे, तो डेटा पाठवतो, प्रिंटरला त्यातलं काही कळत नाही आणि तो नुसता बसून राहतो. तुमच्या त्या दुसऱ्या नावावर 'कम्प्लीटेड' येऊन कागद का येत नाही त्याचं कारण हेच. फू-टू-झेडजेएसच्या पॅकेजमधे ड्रायव्हर असतो पण फर्मवेअरची फाइल नसते, ती वेगळी आणायला लागते, व्हिडिओवाल्याने ते बहुतेक सांगितलं नसेल.

लिनक्सवर एचपीसाठी एचपीलिप नावाचं पॅकेज असतं, ते तुमच्याकडे आधीपासून आहे, मिंटबरोबरच येतं. पण १०२० साठी लागणारा फर्मवेअरचा आणि काही बंद कोडचा भाग मुक्त (ओपन सोर्स) परवान्यात बसत नाही म्हणून तो वेगळ्या प्लगइनमधे असतो. भाच्याने तीन वर्षांपूर्वी तो टाकला असणार. आता कळीची गोष्ट: प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती अगदी तंतोतंत सारखी लागते. मिंट २१ मधे एचपीलिप ३.२१.१२ होतं, २२ मधे ३.२३.१२ आहे. अपग्रेडमधे एचपीलिप बदललं, प्लगइन जुनाच राहिला, म्हणून फिल्टर फेल. अपग्रेड करताना कोणी चूक केलेली नाही, दर वेळी असंच होतं, फक्त नंतर एक कमांड मारायची असते हे कोणी सांगत नाही.

खात्री करायची असेल तर सिस्टिमच्या व्हार लॉग कप्स (कप्स म्हणजे लिनक्सची छपाई सांभाळणारी व्यवस्था) या फोल्डरात एरर लॉग असतो, त्यात 'जॉब इनिशियलायझेशन फेल्ड विथ एरर ४८' असं काही सापडतंय का बघा. ४८ म्हणजे प्लगइन मिळत नाहीये.

ग्रंथपाल_ताई

काका अगदी तसंच आहे!! एरर ४८, एकदा नाही, चौदा वेळा. मी तेवढ्या वेळा अहवाल पाठवला होता. आता काय करू?

टर्मिनल_काका

आधी ते चौदा अहवाल रद्द करा, नाहीतर प्रिंटर सुरू झाला की सगळे धडाधड छापायला लागेल आणि टोनर जाईल. टर्मिनलमधे कॅन्सल, मग जागा, मग डॅश ए.

मग एचपी-प्लगइन, जागा, डॅश आय. एचपी आणि प्लगइनच्या मधे आडवी डॅश आहे. कमांडच्या आधी सुडो लावू नका, पासवर्ड लागला की तो स्वतः मागतो, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवलं की उलट इशारा देतो. तो विचारेल डाउनलोड करायचं की फाइलचा पत्ता द्यायचा, डी दाबा. नेट लागेल. मधे कदाचित म्हणेल की फाइलच्या डिजिटल सहीची चावी मिळाली नाही, तपासता आलं नाही, तरी पुढे जायचं का. चावीच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही की हे येतं, बऱ्याच जणांना येतं. मी आधी नेट बदलून एकदा पुन्हा करून बघतो, आणि तरीही आलं तरच, फाइल एचपीलिपने स्वतः आणलेली आहे हे बघून, हो म्हणतो. दुसरीकडून कुठून तरी मिळालेली प्लगइनची फाइल असेल तर तिथे हो म्हणू नका. मग परवान्याला वाय.

झालं की प्रिंटर बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. आतली मोटर थोडा वेळ घरघरली की समजा फर्मवेअर पोचलं. आणि एक गोष्ट राहते जी लोक विसरतात: फिल्टर फेल झाल्यावर रांग थांबलेलीच राहते, ती आपण सुरू करायला लागते. ब्राउझरमधे लोकलहोस्ट, कोलन, ६३१ उघडा, कप्सचं पान येईल, त्यात प्रिंटरवर जाऊन 'रिझ्यूम प्रिंटर' करा.

ग्रंथपाल_ताई

झालं!! वाचनालयातलं नेट बंद होतं म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, पहिल्यांदा चावीचं तेच आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. प्रिंटर चालू केल्यावर घरघर ऐकली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं, कारण मी मनात ठरवलं होतं की सोमवारच्या बैठकीत नवीन प्रिंटरसाठी पैसे मागायचे आणि ते मागणं मला जड जात होतं. अहवाल बत्तीस पानं, सगळी स्वच्छ आली. काका, दादा, मनापासून आभार.

ग्रंथपाल_ताई

पुन्हा मीच. काल संध्याकाळी सगळं चाललं, आज सकाळी परत बंद. या वेळी फिल्टर फेल्ड नाही, काम 'कम्प्लीटेड' दाखवतं पण कागद नाही. प्लगइन पुन्हा टाकू का?

फोंडा_लॅब

ताई, प्लगइनला हात लावू नका. मी गोव्यात एका शाळेची लॅब बघतो, आमच्याकडे असे दोन आहेत. दोन प्रश्न. एक, तुम्ही प्रिंट कुठल्या नावावर देताय, एचपीवाल्या की व्हिडिओ बघून आलेल्या? दुसरा, सकाळी चालू कसं करता, भिंतीवरच्या एकाच बोर्डाच्या बटणावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही आहेत का?

ग्रंथपाल_ताई

नाव एचपीवालंच आहे, पण दुसरं अजून यादीत आहे. आणि हो, एकच बटण आहे, सकाळी ते दाबलं की पंखा, कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं चालू होतं.

फोंडा_लॅब

मग तेच. फर्मवेअर भरवायचं काम प्रिंटर यूएसबीवर दिसला त्या क्षणी सुरू होतं. प्रिंटर आधीच चालू असेल आणि लिनक्स नंतर बूट होत असेल तर तो क्षण कधीकधी हुकतो, आमच्या एका मशीनवर हमखास हुकायचा, दुसऱ्यावर कधीच नाही. आता लगेच करून बघा: काही न उपटता टर्मिनलमधे एचपी-फर्मवेअर, जागा, डॅश एन. घरघर ऐकू आली की प्रिंट द्या.

आणि फू-टू-झेडजेएस काढून टाका, सुडो एपीटी पर्ज प्रिंटर-ड्रायव्हर-फू२झेडजेएस (मधला टू इंग्रजी आकड्यात). एकाच प्रिंटरला भरवणारे दोघे नकोत, दोघांचेही नियम प्रिंटर दिसला की जागे होतात आणि मग कोणाचं काय चाललंय ते शोधण्यात दिवस जातो, मी घालवलाय. नंतर यादीतलं ते दुसरं नावही डिलीट करा म्हणजे वाचनालयात दुसरं कोणी बसलं तर चुकून त्यावर प्रिंट देणार नाही.

ग्रंथपाल_ताई

डॅश एन केलं, घरघर आली, छापला. दुसरं काढून टाकलं. आता प्रिंटरचं पिन वेगळ्या बटणावर लावते, आधी कॉम्प्युटर, तो पूर्ण उघडला की मग प्रिंटर.

एलबीपी_२९००

मधेच विचारतो, माझ्याकडे कॅननचा एलबीपी २९०० आहे, मलाही एचपी-प्लगइन चालेल का? अवस्था अशीच आहे, नाव दिसतं पण छापत नाही.

टर्मिनल_काका

नाही चालणार. एचपीलिप फक्त एचपीसाठी. २९०० कॅनन कॅप्ट नावाची वेगळी भाषा बोलतो, त्याला तिचाच ड्रायव्हर लागतो, कॅननचा जुना आहे आणि लोकांनी बनवलेला कॅप्टड्रायव्हर म्हणूनही एक आहे. वेगळा धागा काढा, त्यात मिंट की उबुंटू, कुठली आवृत्ती, आणि एलएसयूएसबीची ओळ टाका, इथे दोन प्रिंटरची गल्लत झाली तर पुढे वाचणाऱ्याचं नुकसान होईल.

वर नव्या प्रिंटरचं निघालं होतं म्हणून तेवढं सांगतो, ते ड्रायव्हरशिवाय चालतात कारण त्यातले बरेच यूएसबीवरून आयपीपी ही छपाईची सर्वमान्य भाषा बोलतात आणि लिनक्समधे आयपीपी-यूएसबी नावाची सेवा त्यांना सांभाळते. १०२० ला ती भाषा येत नाही, त्यामुळे कोणी ड्रायव्हरलेस पर्याय निवडायला सांगितलं तर इथे उपयोग नाही.

ग्रंथपाल_ताई

आठ दिवसांनी लिहितेय, मुद्दाम थांबले. आधी कॉम्प्युटर मग प्रिंटर असं केलं की रोज व्यवस्थित. गुरुवारी लाईट जाऊन आली तेव्हा दोन्ही एकदम चालू झाले आणि छापला नाही, डॅश एन मारलं, लगेच छापला. म्हणजे फोंड्याच्या दादांनी सांगितलेलंच कारण होतं. दोन्ही कमांड मोठ्या अक्षरात कागदावर छापून मॉनिटरच्या शेजारी चिकटवल्यात, खाली 'अपग्रेडनंतर प्लगइन पुन्हा' असंही लिहिलंय, मी नसले तरी संध्याकाळी बसणाऱ्या मुलीला अडायला नको.

एक राहिलंच, जुन्या अहवालाच्या फाइली श्रीलिपीत आहेत, त्या लिबरऑफिसमधे उघडल्या की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. त्यासाठी वेगळा धागा काढते, कोणाला माहीत असेल तर तिकडे या.