मदत हवी आहे: मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाला निधी देणारे ट्रस्ट (कोल्हापूर)

कृष्णाकाठची
नमस्कार. मानसिक आरोग्यावरच्या संशोधनाला पैसे देणारे ट्रस्ट, फाउंडेशन कोणते? सरकारी नकोत, तिथले हेलपाटे घालून झालेत. तीन ठिकाणी मेल टाकले. दोघांचं उत्तरच नाही, तिसरे म्हणाले, "आम्ही उपचाराला देतो, सर्व्हेला नाही." मुदती संपत आल्यात, लवकर सांगा प्लीज.

राजारामपुरीकर
ताई, विषय काय? पीएचडी झालीय की चालू आहे? एमडी आहात का? संस्था कुठली? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तात्या_कागल
पैशासाठी उपचार थांबवू नका. टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या भावाला झोप लागत नव्हती तेव्हा त्यांनीच वाट दाखवली.

कृष्णाकाठची
तात्या, पेशंटसाठी नाही, पण नंबर कामाचा आहे, आमच्या आशाताईंना देते.
राजारामपुरीकर, मानसशास्त्रात पीएचडी, प्रबंध दिलाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी. विषय: २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या बायकांमधलं नैराश्य. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, घरोघरी जाऊन भरून घेते. कुरुंदवाडला एक आजी आठ प्रश्नांपर्यंत नीट बोलत होत्या. नववा, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराचा, विचारला आणि त्या चहा टाकायला उठल्या. आधण उकळून आटलं तरी चुलीपुढून हलल्या नाहीत. अशा वेळी सोबत समुपदेशक हवाच, त्याच्या मानधनासाठी पैसे पाहिजेत.

सांगलीवाला
सारथी, बार्टी, महाज्योती बघा की. पीएचडीला फेलोशिप देतात.

राजारामपुरीकर
अहो, त्या सरकारी. शिवाय त्यांचा प्रबंध देऊन झालाय, पुढचं बोला.

डॉ_पोस्टडॉक
लंडनच्या वेलकम ट्रस्टचा मानसिक आरोग्य हा मुख्य विषयांपैकी एक. पण त्यांचा अर्ली-करिअर अवॉर्ड बघून हुरळू नका, भारतातल्या संस्थेतून त्याला अर्ज चालत नाही. इथल्यासाठी इंडिया अलायन्स आहे, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम मिळून चालवतात. दुसरं, न्यूयॉर्कचं ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशन. त्यांची यंग इन्व्हेस्टिगेटर ग्रँट वर्षाला ३५ हजार डॉलरपर्यंत, दोन वर्षं. डॉक्टरेट हातात लागते, म्हणून आधी व्हायवा उरका.

हिशेबनीस
डॉक्टर, निम्मंच सांगितलंत. परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येतो, आणि एका संस्थेनं दुसरीला पुढे देणं बंद. "मोठ्या संस्थेच्या नावावर घेऊ" हा मार्ग संपला. वर परदेशी निधीच्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी. मी एका संस्थेचे हिशेब बघतो, एका कागदापायी वर्ष गेलं. देशी पैसा बघा. मुंबईचं मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह गावपातळीवरच्या मानसिक आरोग्याच्या कामाला देतं.

डॉ_पोस्टडॉक
ते मुख्यतः संस्थांच्या कामाला देतात, एकट्या संशोधकाला नाही. पोरीला भलत्या वाटेला लावू नका.

हिशेबनीस
मग संस्थेबरोबर जावं. समुपदेशकाचा पगार संस्थेच्या कामात बसतो, प्रश्नावली तिची.

उजळाईवाडी
एवढं लांब कशाला? शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. शिकणाऱ्या पोराला गावानं पोसायचं ही आपली रीत हाय. कारखान्याच्या चेअरमनांकडं जा, एका सहीत काम हुतंय.

कृष्णाकाठची
दादा, माझ्या यादीतल्या निम्म्या घरांचा ऊस कारखान्याला जातो. पैसे त्यांचे आहेत म्हटल्यावर बायका मोकळ्या बोलणार नाहीत. तिथून नको.
हिशेबनीस, तुमचं पटलं. शिरोळला बचत गटांचं काम करणारी एक संस्था ओळखीची आहे, उद्या जाऊन येते. अर्जात समुपदेशकाचं मानधन कुठल्या खर्चाखाली दाखवायचं, हे व्यनि (खाजगी निरोप) करून सांगाल का?

राजारामपुरीकर
एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीचं, पत्र आहे ना? ते नसेल तर कुणीच अर्ज उघडणार नाही.

कृष्णाकाठची
आहे, पण मार्चमध्ये संपतंय. नूतनीकरणाला किती दिवस लागतात?